नऊ वर्षांची साल

सह्याद्रीत ओक नाही. जांभूळ आहे, अंजनी आहे, हिरडा आहे. ओकचे कूळ हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आहे. दख्खनमध्ये ते आपणहून कधी उतरले नाही. तरीही पुण्याच्या कर्वेनगरात एक सदाहरित ओक रोज संध्याकाळी लोकांच्या हाती असतो. बॅडमिंटनच्या, पिसांच्या चांगल्या शटलचे बूच त्याच्या सालीचे असते. क्रिकेटच्या सीझन बॉलच्या पोटात, दोऱ्याच्या वेढ्यांखाली, तीच साल असते. खेळणाऱ्याला झाड आठवत नाही. आठवण्याचे कारणही नसते. जी वस्तू आपले काम चोख करते तिचा उगम कोणी विचारत नाही. माणसांचेही तसेच आहे. चौकशी होते ती बिघडलेल्यांची.

या ओकचे शास्त्रीय नाव क्वेर्कस सूबर. त्याचे घर भूमध्य प्रदेशाच्या पश्चिम भागात: पोर्तुगाल, स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया. उंची बेताची, वीस मीटरच्या आतबाहेर. पान लहान, जाड, चिवट. कडा दातेरी. वरून गडद हिरवे, खालून करड्या लवीने मढलेले. पानाची रंध्रे खालच्या अंगाला, त्या लवीच्या आड असतात. कोरडा वारा ओलावा न्यायला येतो आणि लवीत अडतो. जगाला पानाची तुकतुकीत बाजू दिसते. श्वास चालतो तो पाठीमागे. रुक्ष म्हणून प्रसिद्ध असलेल्या काही माणसांच्या घरी गेले की याचा प्रत्यय येतो.

सदाहरित झाडाची पाने गळत नाहीत, असा समज आहे. झाडाखाली खराटा मारणाऱ्यांचा तसा समज नसतो. या ओकचे पान वर्षभर टिकते, फार तर त्याहून थोडे अधिक. वसंतात नवी पालवी येते आणि त्याच सुमारास जुनी पाने गळून पडतात. अंगणातला आंबाही हेच करतो. गळती सर्वांनाच आहे. सदाहरित झाड ती नव्या पालवीआड उरकते.

एखाद्याविषयी ‘तो कधी बदललाच नाही’ असे कौतुकाने म्हटले जाते. असे म्हणणाऱ्याने फार जवळून पाहिलेले नसते. प्रत्येक घरात एक माणूस सदैव हिरवा असतो. त्याच्या गळण्याचा आवाज होत नाही. तो गेल्यावर कपाटाच्या मागच्या कप्प्यात औषधांच्या चिठ्ठ्या सापडतात, तारखांसकट.

पुण्याच्या टेकड्यांवर फाल्गुनात सालई आणि मोई निष्पर्ण उभ्या असतात. तो त्यांचा पराभव नाही, हिशेब आहे. पाऊस चार महिने. उरलेल्या काळात पाने सांभाळण्यापेक्षा टाकलेली बरी. भूमध्य काठावर पाऊस हिवाळ्यात येतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथल्या ओकने दुसरा मार्ग धरला. त्याने पानच असे घडवले की ते उन्हाळा काढील. असे पान महाग पडते. त्याची किंमत सावकाश फिटते, म्हणून ते जपावे लागते. ज्यांनी स्वभाव कष्टाने कमावलेला असतो त्यांनाही तो ऋतूगणिक टाकता येत नाही. लोक त्याला हट्ट म्हणतात. टाकणारे आणि जपणारे एकाच उन्हाळ्याला उत्तर देत असतात. मात्र एकमेकांना मूर्ख समजतात.

पानांविषयी एवढे पुरे. हे झाड ओळखले जाते ते सालीवरून.

१६६५ मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला रिकाम्या खोल्या दिसल्या. महाराष्ट्रातल्या शाळांत ही हकीकत विज्ञानाच्या पुस्तकात भेटते. मुले सनावळीसह ती पाठ करतात. पेशीची ओळख तिथून सुरू झाली. त्या पेशी मेलेल्या होत्या. सजीवाचा घटक माणसाला प्रथम दिसला तो त्याच्या ओसाड घराच्या रूपात. चरित्रे बहुधा याच पद्धतीने लिहिली जातात.

साल घडवणारा थर एकच, अगदी पातळ आणि जिवंत. तो बाहेरच्या बाजूला पेशी सोडत राहतो. त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य साठते. मग पाणी आत जात नाही, बाहेर येत नाही. पेशी मरते. तिच्या पोकळीत हवा कोंडून राहते. बुचाचा हलकेपणा, दाबले तर पुन्हा फुगण्याचा गुण, उष्णता अडवण्याची शक्ती, सगळे या मेलेल्या पेशींचे. झाडाच्या सालीत जे जाड दिसते ते निर्जीव असते आणि जे जिवंत असते ते दिसत नाही. माणसाच्या प्रतिष्ठेची रचना याहून फार वेगळी नाही. वर्षानुवर्षे थर चढतात. आत कुठेतरी एक नाजूक, ओला थर काम करीत असतो. तो आहे तोवर बाहेरच्या जाडीला अर्थ आहे.

ही साल वणव्यासाठी घडली. भूमध्य प्रदेशात रान वरचेवर पेटते. आगीत शेंडा जळतो, खोड काळे पडते, पण सालीखालचे डोळे शाबूत राहतात आणि फांद्यांवर पुन्हा पालवी येते. त्या आगीशी बाटलीच्या तोंडाचा किंवा बॅडमिंटनच्या कोर्टाचा काही संबंध नाही. गुण एका संकटासाठी घडतो आणि भलत्याच कामासाठी विकत घेतला जातो. नोकरीच्या मुलाखतीत ज्याला ‘सहनशक्ती’ म्हणतात ती उमेदवाराने नोकरीसाठी कमावलेली नसते.

पुण्यातही बुचाची झाडे आहेत. ती ओकच्या कुळातली नव्हेत, ब्रह्मदेशाकडून आलेली. त्यांची साल खऱ्या बुचाऐवजी वापरून पाहण्यात आली आणि हलक्या प्रतीची ठरली. लाकूड ठिसूळ, वादळात मोडणारे. पण पावसाळा सरला की रात्री लांब दांड्याची पांढरी फुले उमलतात आणि सकाळी रस्त्यावर सडा पडतो. मुले ती वेचतात. फिरायला निघालेली वयस्क माणसे क्षणभर थांबतात. सालीचे अपयश कोणाच्या लक्षात नाही. दुसऱ्याचा पर्याय म्हणून ज्याला मोजले जाते, त्याचा स्वतःचा गंध ती मोजणी बंद झाल्यावरच लोकांना येतो. काहींच्या बाबतीत ती बंद होत नाही. धाकट्या भावंडांना हे ठाऊक असते.

मूळच्या झाडाकडे परत येणे बरे. त्याची साल काढतात तेव्हा झाड पाडत नाहीत. पोर्तुगालमध्ये त्याला कायदा आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर सत्तर सेंटिमीटर झाल्याखेरीज झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही. तेवढे व्हायला पंचवीसएक वर्षे जातात. त्यानंतरही दोन खेपांमध्ये निदान नऊ वर्षांचे अंतर ठेवावे लागते.

काम उन्हाळ्यात चालते. तेव्हा आतला थर वाढीला लागलेला असतो, त्याच्या पेशी कोवळ्या असतात, म्हणून साल सहज सुटून येते. झाड सुप्त असताना ती सुटत नाही. ओरबाडले तर जखम होते. म्हणजे झाड ज्या काळात सर्वांत अधिक वाढत असते, त्याच काळात त्याच्याकडून घेता येते. हा नियम कार्यालयांना पाठ आहे. उमेदीच्या माणसाकडे फायली जातात. सुस्तावलेल्याकडे कोणी जात नाही. सुस्तीचा एवढा लाभ शास्त्राने सिद्ध केलेला आहे.

कुऱ्हाडीचा घाव उथळ पडला तर साल सुटत नाही. खोल गेला तर आतला थर दुखावतो आणि त्या जागी पुन्हा धड साल धरत नाही. या दोहोंमधले अंतर काही मिलिमीटरांचे असते. ते डोळ्यांना दिसत नाही. हाताला कळते, घावाच्या आवाजावरून कळते, आणि ते कळायला वर्षे जातात. दुसऱ्याकडून काही मागणारा प्रत्येक माणूस ही कुऱ्हाड चालवतो. प्रेमात, नात्यात, मैत्रीत, नोकरीत. मेलेले कुठे संपते आणि जिवंत कुठे लागते याचा अंदाज बहुतेकांना एक झाड वाया गेल्यावर येतो. ते झाड बहुधा स्वतःच्या घरातले असते.

साल निघाल्यावर खोड तांबूस, उघडे दिसते. पुढे रंग गडद होत जातो. काही काळ उघड्या अंगातून पाणी उडून जाते, वाढ मंदावते, आग लागली तर बचाव नसतो. आत नवा थर तयार होतो आणि काम पहिल्यापासून सुरू होते. साल काढल्याने झाड अधिक बळकट होते असे सांगणारे असतात. ते साल विकणारे असतात.

या व्यवसायात एक रीत आहे. सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात. ५ लिहिले असेल तर साल २०२५ मध्ये काढलेली आहे. पुन्हा हात लावायचा तो २०३४ मध्ये, आधी नाही. घेणाऱ्याने घेतल्याची तारीख लिहून ठेवावी आणि ती सर्वांना दिसेल अशी ठेवावी, ही कल्पना माणसांच्या व्यवहारात रुळलेली नाही. आपल्याकडे ती तारीख देणाराच लक्षात ठेवतो आणि बोलत नाही. घेणाऱ्याला वाटते, परवाच तर विचारले होते, तेव्हाही नाही म्हटले नव्हते. सदाहरित माणसाची अडचण हीच आहे. त्याच्याकडे पाहून मागची खेप कधी झाली ते ओळखता येत नाही.

असे न मोजता घेणे कर्वेनगरालाही जवळून ठाऊक आहे. ते पूर्वी हिंगणे होते. १९०० साली तिथल्या माळावर एक झोपडी उभी राहिली. धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत आणि हिंगण्याहून तेवढे अंतर पायी जात-येत. झोपडी विधवांसाठी होती. त्यांच्याकडून काय काय काढून घेतलेले होते याची यादी महाराष्ट्राला पाठ आहे: केस, कुंकू, रंगीत वस्त्र, मंगल कार्यातली जागा. त्या समाजाच्या हाती कुऱ्हाड होती, अंदाज नव्हता. घाव थेट आतल्या थरापर्यंत गेले. आणि मधली वर्षे कोणी मोजली नाहीत. मागणे रोजचे होते.

तरीही काही ठिकाणी साल पुन्हा धरली. पार्वतीबाई आठवले केशवपन झालेल्या विधवा म्हणून हिंगण्यात वावरल्या, शिकल्या, संस्थेच्या निधीसाठी गावोगाव फिरल्या आणि पुढे अमेरिकेतही जाऊन आल्या. अशा चरित्रांवरून सोसण्याचा गौरव करण्याची चाल पडली आहे. ती गैर आहे. पुन्हा साल धरणे हे झाडाचे कर्तृत्व असते. घाव घालणाऱ्याला त्यात वाटा मागता येत नाही.

कर्व्यांचे काम त्यामानाने साधे दिसते. जागा केली, पैसे जमवले, घाई केली नाही. १८५८ मध्ये जन्मलेले कर्वे १९६२ पर्यंत जगले. घाई न करणाऱ्याला एवढे आयुष्य मिळणे ही दुर्मीळ सोय आहे. बाकीच्यांना घाई न करताही आपले काम अर्धे सोडूनच जावे लागते.

ओकच्या फुलांत दिखाऊपणा नाही. परागण वारा करतो, म्हणून कोणाला आकर्षून घ्यायचे नसते. नर फुलांचे तुरे लोंबतात, ते लांबूनही दिसतात. मादी फुले बारीक, पानांच्या बगलेत, शोधावी लागतात. फळ त्यांनाच धरते. मुलींच्या शिक्षणसंस्थांनी भरलेल्या कर्वेनगरात या वाक्यावर भाष्य नको.

फळ एका खवलेदार वाटीत बसलेले असते. फुलात बीजांडे सहा असतात. त्यांतली पाच थांबतात, एकाचे बी होते. चौकोनी कुटुंबाच्या आधीच्या पिढ्यांत हे दृश्य घरोघर होते. पाठच्या-पुढच्या भावंडांत एकाचे शिक्षण व्हायचे, एकाचे नाव व्हायचे. उरलेल्यांविषयी, त्यांना अभ्यासात गोडी नव्हती, असे पुढे सांगितले जायचे. वाटीत जागा एकाचीच होती, हे सांगायला नेमके तेच उरलेले नसायचे, किंवा उरून बोलत नसायचे.

या जातीच्या एकाच झाडावर काही फळे त्याच वर्षी पिकतात, काही दुसऱ्या वर्षी. झाड दोहोंना सारख्याच वाटीत धरते. शाळांना हे अद्याप साधलेले नाही.

ओकचे बी वाळले की मरते. परदेशच्या बागेतून उचलून आणलेले, खणात जपलेले ते तपकिरी फळ वर्षानुवर्षे चकचकीत राहते. ते रुजण्याच्या पलीकडे गेलेले असते. उपेक्षेने मेलेल्या गोष्टींची मोजदाद होते. जपणुकीने मेलेल्यांची होत नाही.

आपल्या देशातल्या सदाहरित ओकांपैकी एक म्हणजे कुमाऊँ-गढवालचा बांज. त्याच्याही पानाची पाठ पांढरी, लवदार. लाकूड वाळताना वाकते, म्हणून करवतीला तो नको असतो. इंग्रजांच्या वनखात्याने त्याला मागे सारून चीड नावाचा पाइन वाढवला. चिडाला राळ होती, सरळ लाकूड होते. डोंगरातल्या बायकांचे मत कोणी विचारले नाही. त्यांचा चारा, सरपण आणि गोठ्यातला अंथरपाला बांजाचा होता. निरुपयोगी ठरवण्याचा अधिकार बहुधा अशाच्या हाती असतो, ज्याला ती वस्तू लागत नाही. चारधामला जाणारे मराठी यात्रेकरू बांजाच्या सावलीतून चालतात आणि छायाचित्र देवदाराचे काढतात.

कर्वेनगरातल्या सोसायट्यांत आवारात झाड लावायचे ठरते तेव्हा सभेत दोन प्रश्न निघतात. किती वर्षांत वाढेल? पाने किती पडतील? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. सभासदांना सावली हवी आहे आणि खराट्याचा खर्च नको आहे. लवकर वाढणारे, न गळणारे असे झाड सुचवले जाते, टाळ्या पडत नाहीत पण विरोधही होत नाही. ते झाड वादळात पडते तेव्हा समिती बदललेली असते.

बुचाच्या ओकची पहिली साल खडबडीत निघते. बाटलीला चालत नाही. ती भरडून तक्त्यांसाठी वापरतात. दुसऱ्या खेपेची साल बरी, पण तीही कमी पडते. बाटलीच्या तोंडाला नेमकी बसेल अशी साल तिसऱ्या खेपेपासून मिळते. तोवर झाडाचे वय निदान त्रेचाळीस वर्षे झालेले असते. तिशीत झाड लावणारा माणूस तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा असतो, असला तर. पोर्तुगालमध्ये ही झाडे आजही लावली जातात.